आडनाव कोण ठेवतो?

आमच्या इंदापूर तालुक्यात एका वस्तीशाळेवर माझे एक स्नेही शिक्षक आहेत. मागच्या पावसाळ्यात ते मला भिगवणच्या बाजारात भेटले. हातात पिशवी, पिशवीत खडूचे डबे. चहा घेता घेता म्हणाले, "सर, तुम्ही एम. ए. झालेले, कॉलेजात शिकवता. मला एक सांगा. माझ्या वर्गातलं एक पोरगं आडनावापायी शाळा सोडायला निघालंय. त्याला मी काय सांगू?"

त्या मुलाचे आडनाव एका जनावराचे आहे. कोणत्या, ते मी येथे सांगत नाही. कारण त्या आडनावाची चांगली नांदती घरे आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांतील काही मंडळी आत्ता हे भाषण ऐकत असतील. हजेरी घेताना गुरुजींनी नाव पुकारले की वर्गातली चार पोरे त्या जनावराचा आवाज काढीत. गुरुजी रागावले, छडीही उगारली. पण मधल्या सुट्टीत छडी कुठे असते? शेवटी तो मुलगा आईला म्हणाला, "आपलं आडनाव असलं का ठेवलं?" आईला उत्तर देता येईना, आणि गुरुजींनाही देता येईना.

त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. मुलाचा प्रश्न नीट पाहा. त्याने 'आडनावाचा अर्थ काय' असे विचारले नव्हते. 'का ठेवलं' असे विचारले होते. म्हणजे आडनाव कोणीतरी ठेवलेले असते, हे त्याला कळले होते. मग ते कोण ठेवतो? आणि कशासाठी? आजच्या बोलण्यात एवढाच विचार करू.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. माझे गाव पळसदेव. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण सोडून इंदापूरकडे जाऊ लागलात की लागते. गावाचे नाव उघड आहे. पळसाचे झाड आणि पळसनाथ महादेव. गावाच्या नावाला 'कर' जोडले की आडनाव होते, हे तर शाळेतले पोरही सांगेल. मग पळसदेवात पळसदेवकर आडनावाची किती घरे असावीत? लहानपणी मला वाटे की निम्मे गाव तरी पळसदेवकर हवे. पण आमच्या गल्लीत एकही पळसदेवकर नव्हता. माझेही आडनाव ते नाही. माझे आडनाव तालुक्यात ज्या त्या गावात सापडते.

याचे कारण कळायला मला कॉलेजात जावे लागले नाही, एस. टी.त बसावे लागले. सोलापूरच्या गाडीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कुठलं पाव्हणं?" मी म्हणालो, "पळसदेवचा." झाले! पुढच्या दोन तासांत मी त्यांना 'पळसदेवकर' झालो. "पळसदेवकर, जरा खिडकी लावा." "पळसदेवकर, शेंगा घ्या." गावात असतो तर मला कोणी असे म्हटले असते का? गावात सगळेच पळसदेवचे. तिथे ही खूण काही कामाची नाही. गाव सोडून बाहेर पडावे, आणि जिथे आपल्या गावचा आपण एकटाच आहोत अशा जागी जावे, तेव्हाच ते नाव चिकटते. 'कर' हे आडनाव राहणाऱ्याला मिळत नाही, निघून गेलेल्याला मिळते. आणि ते त्याचा तो ठेवीत नाही, जिथे गेला तिथले लोक ठेवतात.

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रात तर 'पुणेकर पाण्यासाठी रस्त्यावर' असे छापून येते, ते पुणेकर पुण्यातच राहतात की! खरे आहे. पण ते आडनाव नव्हे, ते सगळ्या गावाला मिळून दिलेले नाव. आणि तेही बहुधा बाहेरच्याच्या तोंडचे. पुण्यात राहणारा माणूस दारावरच्या पाटीवर स्वतःला पुणेकर म्हणून लिहीत नाही. आडनावाने पुणेकर असलेली माणसे तुम्हाला पुण्याबाहेर शोधावी लागतील.

आपल्याच भागातला मोठा दाखला घ्या. नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. तिथल्या धनगर घरात 1693 साली जन्मलेला एक मुलगा पुढे मोठा सेनापती झाला, माळव्याचा सुभेदार झाला, आणि इंदूरला त्याच्या घराण्याचे राज्य झाले. ते मल्हारराव होळकर. नीरेकाठच्या एका लहान गावाचे नाव इंदूरच्या राजवाड्यावर जाऊन बसले. मल्हारराव जन्मभर होळातच मेंढरे राखीत राहिले असते, तर त्यांना कोणी होळकर म्हणण्याचे कारण नव्हते. आणि अहिल्याबाई पाहा. त्या जामखेडकडच्या चौंडी गावच्या शिंद्यांची लेक. होळ गावाशी त्यांचा जन्माचा संबंध काही नाही. पण आज होळ हे नाव देशभर सर्वांत जास्त वेळा कोणामुळे उच्चारले जात असेल, तर त्या माउलीमुळे.

तसेच निंबाळकरांचे. फलटणजवळ निंबळक गाव आहे. तिथून फलटणचे हे राजघराणे निंबाळकर झाले. येथे एक गंमत आहे ती सांगतो. बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर नावाचे गाव आहे. महाराष्ट्रात वडगावे किती, याची मोजदाद करायला बसलात तर पोस्टमनसुद्धा थकेल. मग हे वडगाव कुठले? तर निंबाळकरांचे. म्हणजे गावावरून माणसाला नाव मिळाले आणि त्या माणसावरून पुन्हा दुसऱ्या गावाला आडनाव मिळाले! गावाचेसुद्धा माणसासारखेच. सारख्या नावाची चार गावे झाली की ओळखायला शेपूट लागते. आमच्या तालुक्यात निमगाव केतकी आहे, ते याच कारणाने. नुसते निमगाव म्हटले तर बैल कुठल्या निमगावचा, हे बाजारात कसे कळणार?

कीर्तनकारांत ही रीत तर आपल्या डोळ्यांदेखत चालू राहिली. बाबामहाराज सातारकर 2023 साली वारले. त्यांचे नाव नीळकंठ ज्ञानेश्वर गोरे. पण महाराष्ट्राला गोरे कोण ते ठाऊक नव्हते, सातारकर ठाऊक होते. दीनानाथ मंगेशकर गोव्यातल्या मंगेशी गावचे. गावाबाहेर पडून नाटक आणि गाणे घेऊन फिरले, तेव्हा मंगेशी त्यांच्याबरोबर फिरली.

आता थोडे लांब जाऊ. तुम्ही म्हणाल, सर पळसदेवावरून एकदम जर्मनीला कुठे निघाले? पण एक जर्मन आडनाव आपल्याकडे इतके परिचयाचे आहे, आणि त्याची कथा आपल्या प्रश्नाला इतकी उपयोगी आहे, की ते सोडवत नाही. ते आडनाव म्हणजे म्युलर. मॅक्सम्युलर पंडित तुम्हाला माहीत आहेत. 1823 साली जर्मनीतील देसाउ गावी जन्मले, इंग्लंडात ऑक्सफर्डला राहिले, ऋग्वेद सायणभाष्यासह छापून काढला. 1897 साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज गेला त्यावर या म्युलरांची सही होती. पुढच्याच वर्षी टिळक सुटले. असा हा आपल्या घरचा वाटावा असा परका माणूस.

आपल्या लोकांनी त्यांना 'मोक्षमूलर' केले. त्यांनाही ते आवडले असावे, कारण ऋग्वेदाच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे नाव तसेच घातले आहे. जर्मनीला शार्मण्यदेश म्हटले आहे आणि ऑक्सफर्डला गोतीर्थ. ऑक्स म्हणजे बैल आणि फर्ड म्हणजे नदी ओलांडायचा उतार, म्हणून गोतीर्थ. आमच्या गावचा कोणी त्यांना भेटला असता तर सरळ 'गोतीर्थकर' म्हणून मोकळा झाला असता.

परंतु म्युलर या शब्दाचा मोक्षाशी काही संबंध नाही. म्युलर म्हणजे गिरणीवाला, पिठाची चक्की चालवणारा. त्यांच्याकडे ही चक्की बहुधा ओढ्यावर असे, पाण्याने फिरे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्की पाहिली असेल तशी. आता गंमत ऐका. आज जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव म्युलर आहे. का बरे? देशात काय गिरणीवाले सर्वांत जास्त होते? मुळीच नाही. जुन्या काळी तिकडेही आपल्यासारखेच, गावात शेतकरी पुष्कळ आणि चक्कीवाला एक. शेतकऱ्याला जर्मनीत 'बावर' म्हणतात. ते आडनावही आहे, पण म्युलरच्या मानाने कितीतरी थोडे.

मला हे कोडे पहिल्यांदा वाचनात आले तेव्हा पळसदेवची एस. टी. आठवली. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे 'शेतकरी हान्स' म्हणून हाक मारली तर कोण ओ देणार? निम्मे गाव मागे वळून पाहील. पण 'चक्कीवाला हान्स' म्हटले की एकच माणूस. म्हणून जो एकटा, त्याला धंद्याचे नाव चिकटले. अशी गावे हजारो, आणि दर गावात एक चक्कीवाला. मग म्युलर देशभर झाले. तिथला दुसऱ्या क्रमांकाचा श्मिट म्हणजे लोहार, त्याचेही तसेच. मी म्हणतो, आपल्याकडच्या कुलकर्णी आणि पाटील या आडनावांचे गुपितही हेच आहे. गावात उंबरे दोनशे असतील, पण पाटीलकी एका घरी आणि दप्तर एका घरी. म्हणून ती खूण ठरली, आणि गावोगावची मिळून आडनावे अमाप झाली.

पाटलांना तर जर्मनीत सख्खा भाऊ आहे. शुल्त्स हे तिकडचे फार चालू आडनाव. शुल्त्स म्हणजे गावचा मुख्य, धन्याचा वसूल गोळा करणारा, लोकांना देणे भरा म्हणून फर्मावणारा. आपला पाटील दुसरे काय करी? आणि पाटील म्हटले की जात कळली असे समजू नका. मराठ्यांत पाटील, माळ्यांत पाटील, लिंगायतांत पाटील, जैनांत पाटील, मुसलमानांतही पाटील. हुद्दा होता, ज्याच्याकडे आला त्याचे ते नाव झाले.

आपल्याकडची हुद्द्याची आडनावे हा एक स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. येथे एकच झलक देतो. फार्सीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचे मराठीत 'नीस' झाले. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फार्सी लिहिणारा पारसनीस, जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, आणि फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. नाना फडणीसांचे आडनाव खरे म्हणजे भानू. पण भानू म्हटल्यावर तुमच्यापैकी किती जणांना ते ओळखू आले असते? हुद्दा इतका मोठा झाला की घरचे नाव त्याच्या पोटात गेले. जर्मनीतही गावावरून नाव पडतेच. आपला 'कर', तसा त्यांचा 'अर'. अणुबाँबच्या संदर्भात ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि 2023 साली ज्यांच्यावर सिनेमा निघाला, ते ओपनहायमर. ओपनहायम हे ऱ्हाइन नदीकाठचे एक लहान गाव. म्हणजे 'ओपनहायमकर'.

म्युलरांकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. मॅक्सम्युलरांचे वडील विल्हेल्म म्युलर हे नावाजलेले कवी. त्यांची एक काव्यमाला गिरणीवाल्याच्या सुंदर मुलीवर आहे; शूबर्ट या संगीतकाराने तिला चाली दिल्या आणि ती युरोपभर गायली गेली. नाव गिरणीवाला, कवितेत गिरणी. मग आजोबा तरी चक्की चालवत असतील? नाही. आजोबा देसाउ गावात शिंपी होते! आडनाव गिरणीवाला, आजोबा कपडे शिवणारे, वडील कवी आणि मुलगा वेदांचा पंडित. जर्मन भाषेत शिंप्याला 'श्नायडर' हे वेगळे आडनाव आहे. पण आजोबांना ते मिळाले नाही. कारण ते सुई घेऊन बसले त्याच्या कितीतरी आधी घराण्याचे नाव कागदावर पक्के झाले होते.

श्रोतेहो, हे ध्यानात आले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. आडनाव माणसाबद्दल बोलत नाही. कोणे एके काळी, कुठल्या तरी चार लोकांत, त्याचा एक पूर्वज कशाने वेगळा दिसला, एवढेच ते बोलते. कोणी परगावचा म्हणून वेगळा, कोणी चक्कीवाला म्हणून, कोणी दप्तर राखतो म्हणून. आणि कोणी नुसताच नाकाने, चालीने, बोलण्याने किंवा एखाद्या दिवशी घडलेल्या प्रकाराने वेगळा. खेड्यात टोपणनाव कसे पडते ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या गावात एका गृहस्थाला सगळे 'कलेक्टर' म्हणत. बिचारा उभ्या जन्मात एकदाच कलेक्टर कचेरीत गेला होता, तोही चुकीच्या दिवशी. त्याच्या नातवाला आज 'कलेक्टरचा नातू' म्हणतात. अजून चारशे वर्षांनी आमच्या गावात एखादे कलेक्टर आडनावाचे घराणे निघाले असते. पण आता रेशनकार्ड आडवे आले.

मग त्या मुलाच्या आडनावाचे काय? त्याचा कोणी पूर्वज ते जनावर पाळीत असेल, कोणी त्याच्या तावडीतून सुटला असेल, कोणी त्याच्यासारखा चपळ असेल, किंवा सोबत्यांनी थट्टेने ठेवले असेल. यांतले नेमके कोणते, ते पुराव्यावाचून सांगू नये. आडनावांच्या बाबतीत माणसांना गोष्टी रचायची फार हौस असते. बडोद्याच्या गायकवाडांची कथा प्रसिद्ध आहे. गायींना कवाडाआड घेऊन वाचवले, म्हणून गायकवाड. कथा गोड आहे, घराण्याला शोभणारी आहे, आणि ती सांगायला कोणाची ना नाही. परंतु शब्द कानाला जुळला म्हणजे इतिहास जुळला असे होत नाही. शिक्षकांनी मुलांकडून आडनावांच्या हकीकती जरूर गोळा कराव्यात, फक्त वहीत वर 'घरात असे सांगतात' एवढे तीन शब्द लिहायला लावावेत.

मी त्या स्नेह्यांना पुढे एवढेच सुचवले की, एक तास सगळ्यांच्याच आडनावांवर घ्या. वाघ, मोरे, कोल्हे, लांडगे, घोडके, पिंपळे, जांभळे, पडवळ, भोपळे, मुळे, आवळे. फळ्यावर लिहीत गेलात तर अर्धे रान आणि अर्धा भाजीबाजार वर्गातच बसलेला आहे असे मुलांना दिसेल. मग कोण कोणाचा आवाज काढणार? त्यांनी तास घेतला. पहिल्या दिवशी वर्गात इतका गोंधळ झाला म्हणे की शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन आल्या. तो मुलगा शाळेत येतो आहे. तासामुळे येतो की आईने दटावल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

आता शिक्षक मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम बोलायची आहे. पूर्वी आडनाव पातळ होते, वाहते होते. जुन्या मराठी कागदात माणसाची ओळख 'अमुक बिन तमुक', म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढ्यावर भागत असे. गाव सोडले की नाव बदले, धंदा बदलला की नाव बदले. महात्मा फुल्यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांकडे फुले पुरवण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. ते नाव त्यांना पुण्याच्या लोकांनी दिले. हे असे एका पिढीत घडू शकत होते.

मग इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला आला, कचेरीची नोंद आली, फौजेची यादी आली, आणि वाहते आडनाव गोठले. इतर देशांतही हेच झाले, कुठे लवकर, कुठे उशिरा. तुर्कस्तानात तर 1934 साली कायदाच झाला की प्रत्येक घराने एक आडनाव घेतलेच पाहिजे. आपल्याकडे कायदा झाला नाही. आपल्याकडे ते काम पुष्कळसे गुरुजींच्या टाकाने केले. बाप अंगठेबहाद्दर, मुलाला घेऊन शाळेत आला. गुरुजींनी विचारले, आडनाव काय? बापाने जे तोंडाला आले ते सांगितले, गुरुजींनी जे कानाला आले ते लिहिले, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या त्या शाईला बांधल्या गेल्या.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवा. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे; म्हणून आंबडवेकर. बाबासाहेबांचा जन्म मात्र लांब महूच्या छावणीत झालेला. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते, त्यांचा या मुलावर लोभ होता आणि त्यांच्यावरून 'आंबेडकर' हे नाव दप्तरी रूढ झाले, अशी हकीकत सांगतात. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचा प्रवेश झाला. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

याची दुसरी बाजू कडू आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. आपल्याकडे पुष्कळदा 'आडनाव काय?' हा प्रश्न आडनावासाठी विचारलाच जात नाही. तो जात काढण्यासाठी विचारतात. 'कर' आडनावाने जात नीट कळत नाही, मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही कुठले हो?" आणि तेवढ्यावर न भागले तर तिसरा. माझ्या तरुणपणी, एका गावी खोली भाड्याने बघताना मला हे तीनही प्रश्न एकापाठोपाठ विचारले गेले, आणि खोली मिळाली नाही. होळकर, मंगेशकर, आंबेडकर, सातारकर. चार घराणी चार समाजांची, पण नावाची घडण एकच. वर्गात हजेरी घेणाऱ्या माणसाच्या हातात ही हजेरी आहे. पुकारताना आवाज कुठे चढतो आणि कुठे पडतो, ते मुलांना बरोबर ऐकू येते.

राहिले पळसदेव. ते शेवटी ठेवले, कारण त्याबद्दल बोलताना मला थोडे थांबावे लागते.

माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर धरण बांधायला 1969 साली सुरुवात झाली आणि 1980 साली ते पुरे झाले. सुमारे 117 टी. एम. सी. पाणी, म्हणजे 117 अब्ज घनफूट. त्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याची शेते पिकली, आमच्याकडेही ऊस उभा राहिला. धरण नको होते असे मी म्हणणार नाही. पण नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, त्यांत जुने पळसदेव गेले. आम्ही वर रस्त्याकडे नव्या गावठाणात आलो. माझे वडील, म्हणजे आबा, तेव्हा पंचविशीत होते. मी त्यानंतरचा.

जर्मनीतही असे घडलेले आहे. तिकडे एडर नदीवर 1908 ते 1914 या काळात धरण बांधले. आझेल, बेरिख, ब्रिंगहाउझेन ही गावे बुडाली. बेरिखच्या काही लोकांनी दुसरीकडे जाऊन 'नवे बेरिख' वसवले. पाणी उतरले की तिथे आझेलचा जुना पूल उघडा पडतो आणि माणसे तो पाहायला जातात. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे देऊळ वर येते.

आता माझ्या मनात जे येते ते असे. गाव सोडणाऱ्याला गावाचे आडनाव मिळते, हा इतक्या पिढ्यांचा नियम. मग सगळे गावच एका वेळी उठले, त्या आम्हा सगळ्यांना पळसदेवकर हे नाव मिळायला हवे होते. मिळाले नाही. आडनावे तोवर दाखल्यात गोठली होती. लोकांनी आम्हाला खूण तर दिलीच, कारण नव्या जागी आम्ही वेगळे दिसत होतो. पण ती खूण होती 'धरणग्रस्त'. शाळेच्या अर्जात धरणग्रस्त, नोकरीच्या अर्जात धरणग्रस्त, दाखल्यावर धरणग्रस्त. त्या शब्दात गाव नाही. होळ इंदूरच्या राजवाड्यात राहिले. पळसदेव आमच्या कागदात 'बाधित गाव' या रकान्यात राहिले.

एका उन्हाळ्यात देऊळ उघडे पडले तेव्हा आबांना घेऊन गेलो होतो. सुकलेला गाळ तुडवीत आम्ही शिखराखाली उभे राहिलो. जिकडे तिकडे मोटारींतून आलेले लोक फोटो काढीत होते. आबा देवळाकडे पाहीनात. ते गाळात बोट दाखवून मोजत होते, ही आपली आळी, इथं वाणी, इथं आपला उंबरा. बरोबर माझी मुलगी होती. ती पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. तिच्या नावाची आणि आडनावाचीही आणखी एक मुलगी त्याच मजल्यावर आहे. मोजता मोजता आबा तिला म्हणाले, "मग पोरी, तुम्हा दोघींना हाका कशा मारतात गं?"

ती म्हणाली, "तिला नुसतं नावानं. आणि मला पळसदेवकर म्हणतात, आजोबा."

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "कुठं लिवून घेतलंय का?"

"नाही हो," ती म्हणाली, "नुसतं म्हणतात."